मागावरून वाकळीकडे

नागपूरच्या उत्तरेस, कामठीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला, जरीपटका आणि इंदोरा या दोन वस्त्या एकमेकींना लागून वसलेल्या आहेत, आणि ज्याला वस्त्रविद्येची मनापासून आवड आहे त्याने विदर्भात एकाच ठिकाणी मुक्काम करावयाचे ठरविले तर तो येथे करावा, असे माझे मत आहे. १९४७च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांनी जरीपटक्यात घरे केली, दुकाने थाटली. जमीनजुमला आणि दस्तऐवज पुष्कळांचे पलीकडच्या मुलखातच राहिले, परंतु रंगीबेरंगी कपट्यांची रल्ली शिवण्याचे सिंधी कसब बायकांच्या बोटांबरोबर सरहद्दीच्या अलीकडे आले. शेजारच्या इंदोरा बुद्धविहाराशी भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. जन्माने जपानी असलेले हे भिक्षू १९६०च्या दशकात नागपुरास आले आणि येथलेच झाले, आणि त्यांच्या अंगावरचे चीवर हे तुकडे जोडून शिवलेल्या वस्त्राच्या एका अतिप्राचीन परंपरेचे आजचे रूप आहे. दक्षिणेस थोड्या अंतरावर इतवारी आणि महाल. भोसल्यांच्या अमदानीत भरभराटीस आलेल्या कोष्टी विणकरांच्या मागांवर तेथे लुगडी, रेशीमकाठी धोतरे आणि उपरणी विणली गेली. विणलेले, कापलेले आणि पुन्हा जोडलेले असे कापडाचे तिन्ही जन्म एवढ्याशा टापूत भेटतात. म्हणून जपानी विणकामाची, आणि त्याने पांघरुणांच्या कलेला जे वळण लावले त्याची, ओळख करून देण्यासाठी मी येथूनच निघतो.

आपल्याकडे गोधडीचा विषय निघाला की ती शिवणाऱ्या बाईच्या टाक्यांची वाखाणणी होते, आणि ती योग्यच आहे. परंतु तिच्या हाती आलेले कापड किती पन्ह्याचे होते, त्याचे सूत हातचे होते की गिरणीचे, रंग सुताला आधी चढविला होता की कापडाला मागाहून, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. वास्तविक वाकळीचा अर्धा आराखडा मागावरच ठरून गेलेला असतो, आणि ही गोष्ट जपानइतकी स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते. जपानी हातमागावरचे पारंपरिक ठाण अरुंद असते. त्याचा पन्हा सुमारे ३७ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या हातभराहूनही कमी, आणि लांबी सुमारे १२ मीटर. एवढ्या एका ठाणात मोठ्या माणसाचा एक किमोनो बसतो, आणि तो बेतताना कोठेही गोलाई न देता सरळ कापांनी आठ लांबट तुकडे केले जातात, ज्यांत वाया जाणारी चिंधी जवळजवळ निघतच नाही. धुण्याची वेळ आली की पूर्वी सगळी शिवण उसवीत, तुकडे पुन्हा सलग जोडून मूळचे ठाण उभे करीत, ते धुऊन, खळ देऊन, ताणून वाळवीत आणि पुन्हा शिवीत. अशा रीतीने वर्षानुवर्षे वापरलेला पोशाख शेवटी जेव्हा पांघरुणाच्या कामी येतो, तेव्हा शिवणाऱ्या हाती वेडेवाकडे कपटे न येता, काठ शाबूत असलेल्या आणि ताण्याच्या रेषेत सरळ असलेल्या पट्ट्या येतात. जपानी गादीची जुनी खोळसुद्धा अशाच चार-पाच पन्ह्यांच्या जोडणीतून बनलेली असते, आणि तिच्यावरचा करकोचा किंवा कासव यांची मोठी आकृती शिवणींवरून आरपार जाते.

लुगड्याचा न्याय अगदी निराळा. नऊ वार लांब, पन्ह्याने सव्वा वाराच्या आसपास, आणि अंगावर असेपर्यंत त्याला कात्री लागत नाही; त्यामुळे मराठी वाकळीत ते सबंधच्या सबंध, घडी पडेल तसे शिरते. आत जुनेरांचे आणि चिंध्यांचे थर, खाली एक विटके लुगडे, वर त्यातल्या त्यात धड असलेले दुसरे, आणि त्याचा काठ चारी बाजूंनी वळवून घेतला की चौकट आपोआप तयार. मग बाहेरच्या कडेपासून धावदोऱ्याच्या ओळी एकीच्या आत एक अशा घालीत मध्यापर्यंत जावयाचे. ठिगळ येते ते गरजेपुरते, जेथे कापड दगा देते तेथे. जपानी पट्टी, मराठी अखंड लुगडे आणि सिंधी रल्लीचे चौकोन हे जे तीन आकार पुढे वारंवार येतील, त्यांचे मूळ तीन प्रकारच्या पोशाखांत आणि ते पोशाख पुरविणाऱ्या मागांत आहे.

आता विणीकडे वळू. जपानी विणकामाचे नाव निघताच परदेशी रसिकांना क्योतोच्या निशिजिनचे जरतारी पट्टे आठवतात. १४६७ ते १४७७ या काळात ओनिनच्या यादवीने ते शहर बेचिराख केले, विणकर परागंदा झाले, आणि परतल्यावर पश्चिमेच्या सैन्याचा तळ जेथे पडला होता त्या निशिजिन भागात त्यांनी माग मांडले. पुढे १८७२ मध्ये तेथील कारागीर फ्रान्समधील लिओं शहरी धाडले गेले आणि नक्षी विणणाऱ्या जाकार्ड मागाची विद्या घेऊन आले. हे वैभव मोठेच आहे, पण पांघरुणाच्या इतिहासात त्याचा वाटा थोडा. तेथे राज्य केले ते निळीत रंगविलेल्या साध्या सुती कापडाने, विशेषतः कासुरीने.

कासुरी म्हणजे ताणा किंवा बाणा, कधी दोन्ही, ठरल्या जागी घट्ट बांधून रंगविणे आणि बंध सोडून मग विणणे. पाटण आणि पोचमपल्लीच्या विणकरांना हे तंत्र पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. जपानच्या कुरुमे गावी त्याला जे रूप मिळाले ते इनोउए देन (१७८८–१८६९) या स्त्रीमुळे. बारा-तेरा वर्षांची असताना तिला जुन्या, रंग उडालेल्या कापडावर पांढरे ठिपके दिसले. तिने ते कापड उसवून सुताचा कोणता भाग कोठे पांढरा पडला आहे हे पाहिले, आणि त्याच क्रमाने नवे सूत बांधून, रंगवून विणले, अशी हकिकत आहे. या कापडाचा एक तुकडा डोळ्यांजवळ धरून पाहावा. निळ्या भूमीवरच्या पांढऱ्या चौकोनाची कडा रेषेसारखी तुटक नसते; बंधाखाली झिरपलेल्या रंगामुळे प्रत्येक पांढरा धागा टोकाशी किंचित निळसर होत जातो, आणि विणणाऱ्याने धोटा परत फिरविताना धागा केसभर पुढेमागे सरकविला असेल तर चौकोनाची बाजू बारीक दातेरी होते. नवख्या डोळ्यास हा दोष वाटेल. जाणकार मात्र याच थरथरत्या कडेवरून कापड हातचे की छापील हे ओळखतो. आणखी एक गुण शिवणाऱ्याच्या दृष्टीने मोलाचा: रंग सुतातच असल्यामुळे या कापडाला उलटी बाजू नाही. एक अंग उन्हाने विटले की दुसरे वर करावे. शिवाय नीळ प्रत्येक धुण्यात थोडी थोडी सुटत जाते, आणि दहा घरांच्या दहा जुन्या कपड्यांतून जवळजवळ काळ्या निळ्यापासून धुरकट आकाशीपर्यंतच्या छटा मिळतात, ज्या एका रंगाऱ्याकडून एका दिवसात मिळणे अशक्य. कुरुमेच्या या कलेला जपान सरकारने १९५७ मध्ये संरक्षण दिले.

आपल्या भंडारा जिल्ह्यातील करवतकाठी टसर साडी ज्यांनी पारखून घेतली आहे त्यांना ही थरथर परकी वाटू नये. तेथे तीन धोटे चालतात: दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक; काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा सांध्यावर एकमेकांत अडकवीत नेले की करवतीच्या दात्यांची ओळ उमटते. कोशाचा धागा जाड-बारीक असतो आणि त्या असमानतेनेच कापडाला जीव येतो. जपानातील युकी-त्सुमुगी या रेशमाची गोष्ट अशीच आहे. कोश उकलून केलेल्या रेशमी कापसातून बायका बोटांनी, पीळ न देता, सूत ओढतात आणि ज्या मागाचा ताण विणणाऱ्याच्या कमरेला बांधलेला असतो अशा जुन्या बैठ्या मागावर ते विणले जाते. २०१० साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याची नोंद केली.

जपानात कापूस कसा आला यासंबंधी तेथील जुन्या राजकीय इतिवृत्तांत एक नोंद आहे, ती मराठी वाचकाने अवश्य ध्यानात ठेवावी. ७९९ साली मिकावा प्रांताच्या किनाऱ्यास एक अनोळखी मनुष्य छोट्या नावेतून लागला. त्याची भाषा कोणास कळेना, पुढे भाषा शिकल्यावर त्याने आपण भारतातला असे सांगितले, आणि त्याच्याजवळ कापसाचे बी निघाले. ते बी दक्षिणेकडील निरनिराळ्या प्रांतांत पेरण्यात आले. पण ती लागवड टिकली नाही. कापूस तेथे खऱ्या अर्थाने रुजला तो पंधराव्या-सोळाव्या शतकांत, आणि तोही उबदार मुलखात. उत्तरेकडील त्सुगारू आणि नांबू या बर्फाच्या प्रदेशांत त्याचे बोंड धरीच ना. तेथील रयत भांगेच्या जातीच्या झुडपाचा वाख काढून त्याचे खरखरीत, वारा आरपार जाणारे कापड विणी. त्यातच १७२४ साली त्सुगारू संस्थानाने काटकसरीचे फर्मान काढून शेतकऱ्यांना सुती कपडा वापरण्याची मनाई केली. अंगावर कापसाचे कापड नको, पण सूत? बायकांनी त्या निळ्या वाखाच्या कापडाचे धागे मोजून, एक, तीन, पाच, सात अशा विषम संख्येने सुई घालून, पांढऱ्या सुताचे दाट भरतकाम केले; छिद्रे बुजली, खांद्यावरचे कापड जाड झाले, ऊब आली, आणि शंकरपाळ्यांच्या आकृतींची एक अलौकिक सुंदर कला जन्मास आली. हिला कोगिन म्हणतात. शेजारच्या नांबूमध्ये हेच काम सम संख्येने होई. १८९१ मध्ये त्याच मुलखातल्या आओमोरीपर्यंत आगगाडी पोहोचली, सुती कापड स्वस्त झाले, आणि कोगिन मागे पडली.

आगगाडीपूर्वी उत्तरेला कापूस मिळे तो चिंध्यांच्या रूपाने. ओसाकाकडून पश्चिम किनाऱ्याने जाणारी व्यापारी गलबते जुन्या कपड्यांचे गठ्ठे उत्तरेत नेऊन विकीत आणि परतताना हेरिंग माशाचे खत आणीत. ते खत ओसाकाभोवतालच्या कापसाच्या शेतांना पडे, त्या कापसाचे कापड होई, शहरवासीयांच्या अंगावर झिजे, आणि त्याच्या चिंध्या पुन्हा उत्तरेस जात. आपल्या दारी भांड्यांच्या मोबदल्यात जुनेर नेणारी बोहारीण ज्या व्यवहारावर पोट भरते, तोच व्यवहार तेथे समुद्रमार्गे एवढ्या विस्ताराने चालला होता. त्या चिंध्यांची लांब पट्टी फाडून ती बाण्याच्या जागी घालीत नवे जाड कापड विणण्याची रीत म्हणजे साकीओरी. थरांवर थर ठेवून धावदोऱ्याने शिवण्याची रीत म्हणजे साशिको. आणि पिढ्यान्‌पिढ्या अशी डागडुजी होत मूळ कापड कोणते हेही सांगता येऊ नये अशा अवस्थेला पोहोचलेले वस्त्र म्हणजे बोरो. साशिकोची सुई सरळ रेघेत सुरू झाली आणि हळूहळू लाटा, एकमेकांत गुंतलेली वर्तुळे, षट्कोनी तारकांची पाने अशा नक्षीत खेळू लागली. परंतु नक्षी कितीही नाजूक असो, थर धरून ठेवण्याचे मूळ काम तिने सोडले नाही. आओमोरीकडे बाळंतिणीच्या खाली अंथरण्यासाठी घरातील वाडवडिलांच्या कपड्यांचे तुकडे जोडून केलेले वस्त्र जपून ठेवीत, की येणारे मूल पूर्वजांच्या स्पर्शात जन्मावे. आजीच्या मऊ लुगड्याचे दुपटे नातवासाठी शिवणाऱ्या मराठी घराला याहून अधिक काय समजावून सांगावयाचे?

आणि आता इंदोऱ्याच्या विहाराकडे परत येणे प्राप्त आहे, कारण तुकडे जोडण्याच्या जपानी कलेचा उगम शोधू गेल्यास वाट भारतातच येते. विनयपिटकातील कथा अशी: मगधातून जात असता भगवान बुद्धांनी बांधांनी आखलेली, चौकोनी वाफ्यांची शेते पाहिली आणि भिक्षूंची चीवरे त्या रचनेने करता येतील काय, असे आनंदास विचारले, आनंदाने तशी ती शिवून दाखविली. कापड कापल्याने त्याची बाजारी किंमत उतरते, चोराला त्याचा लोभ राहत नाही, आणि भिक्षूलाही राहू नये. त्याच ग्रंथात कौशांबीचा राजा उदयन आनंदाला विचारतो की, दानात मिळालेल्या एवढ्या चीवरांचे तुम्ही करता तरी काय. उत्तर क्रमाने येते: ती फाटक्या चीवरांच्या भिक्षूंना वाटली जातात, जुन्या चीवरांची पांघरुणे, जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची बिछायत, बिछायतीची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि फडक्यांचे शेवटी तुकडे करून मातीत मळून लिंपण. काटकसरीचे याहून सुबोध कलम मला कोणत्याही राज्याच्या दप्तरात आढळलेले नाही.

हे चीवर धर्माबरोबर जपानात गेले. ७५६ साली सम्राट शोमू निवर्तल्यावर सम्राज्ञी कोम्यो हिने त्याच्या सहाशेंहून अधिक वस्तू नारा येथील महाबुद्धास अर्पण केल्या. त्या अर्पणाच्या यादीत अगदी आरंभी रत्ने नाहीत, शस्त्रे नाहीत, नऊ चीवरे आहेत. ती शोसोइन या भांडारात राहिली. त्यांपैकी एकावर नाना रंगांच्या रेशमाचे अनियमित कपटे एकमेकांवर चढवून साऱ्या पृष्ठभागावर दाट धावदोरे घातले आहेत, आणि त्याचा एकूण वर्ण झाडाच्या सालीसारखा दिसतो. साशिकोचा टाका सम्राटाच्या वस्त्रावर साडेबाराशे वर्षांपूर्वी असा हजर आहे. पुढे धनिकांनी मठांना किनखापाची उंची वस्त्रे दिली, तरी त्यांचे चीवर करताना ती आधी कापली जात आणि मग बांधावाफ्यांच्या रचनेत जोडली जात. नियम श्रीमंतीलाही सुटला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या शहरात धम्मदीक्षा घेतली त्या शहरात एका जपानी भिक्षूने चीवर धारण करून आयुष्य घालवावे, यात मगधाच्या शेतातून निघालेली ती शिवण एक प्रचंड वळसा घालून पुन्हा भारतभूमीस लागली, असे मी मानतो. १९५६च्याच डिसेंबरात निधन पावलेले विदर्भाचे संत गाडगेबाबा आयुष्यभर ठिगळांचे वस्त्र पांघरून हिंडले आणि लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत, हेही येथे सहज आठवते.

कापसाच्या व्यापाराने भारत-जपानचे हे नाते आणखी एका अंगाने बांधले होते. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांनी १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी करार करून मुंबई–कोबे आगबोट चालू करविली, आणि भारतीय कापसाच्या गासड्या जपानी गिरण्यांकडे कमी भाड्याने जाऊ लागल्या. पुढे जपानी कापड इतक्या स्वस्तात इकडे येऊ लागले की १९३३ साली हिंदुस्थान सरकारने त्यावरील जकात ७५ टक्क्यांवर नेली, जपानी गिरण्यांनी उलट आपल्या कापसावर बहिष्कार घातला, आणि १९३४च्या करारान्वये कापसाची खरेदी व कापडाची आयात एकमेकींना जखडण्यात आली.

पाश्चात्त्य गोधडीवर जपानची छाप प्रथम ठळकपणे पडली ती १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर. तेथील जपानी दालनातील असमतोल मांडणी, पंखे, पक्षी, तडे गेल्यासारख्या रेषा अमेरिकन बायकांनी पाहिल्या, आणि रेशमी कपटे वाटेल त्या कोनांत जोडून वर भरतकाम करण्याची लाट त्या देशात उसळली. उलट दिशेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन चौकोनी गोधडी जपानात पोहोचली, आणि तेथील स्त्रियांनी तिला आपल्या जुन्या पेटाऱ्यांतले कापड दिले. कुरोहा शिझुको यांनी जुन्या निळीच्या कापडांतून केवळ छटांच्या चढउतारावर प्रकाश उभा केला. साइतो योको यांनी धूसर, मातकट रंगांची एक शैली रूढ केली, जिच्यात विणीचा पोत हाच रंग होऊन बसतो. ही कामे मला श्रेष्ठ वाटतात, कारण त्यांत शिवणारी विणकराचे ऐकते. साशिकोची नक्षी छापलेले कापड आणून त्याची चादर करणे, किंवा नवी कोरी तुमान मुद्दाम फाडून तिला बोरोचे नाव देणे, हे प्रकार मला मुळीच मान्य नाहीत. ज्या टाक्याने थर धरलेला नाही आणि ज्या ठिगळाने भोक झाकलेले नाही, त्याला या परंपरेत जागा नाही.

जरीपटक्याकडे पाहण्याची दृष्टी आता पालटावी. रल्लीत कापड चौकोन-त्रिकोणांत कापून जोडतात, किंवा घडी घालून कात्रीने नक्षी कापून, ती उलगडून दुसऱ्या रंगावर बसवितात. पांढरा, काळा, तांबडा, पिवळा यांची मांडणी ठाम, आणि खालच्या जुन्या थरांसह सगळे सरळ समांतर टाक्यांनी शिवलेले. तिची रंगवृत्ती जपानी निळाईच्या अगदी विरुद्ध टोकाची असली, तरी अज्रक छापणाऱ्या सिंधचाही प्राण निळीतच आहे. ही पांघरुणे आता घरोघरच्या पेट्यांत तळाशी गेली. पानिपतची केसाळ ब्लँकेटे वर आली. कोष्ट्यांच्या मागांपैकी बहुतेक थांबले, आणि जरीकाठी जुनी लुगडी चांदीसाठी जाळली गेली, हे तर आपल्या डोळ्यांदेखत घडले.

जपानातही असेच घडत होते. यानागी सोएत्सू यांनी १९३६ मध्ये तोक्योत लोककलेचे संग्रहालय उघडून साध्या माणसांच्या वापरातल्या जिनसांना मान मिळवून दिला. तानाका चूझाबुरो हे आओमोरीच्या खेड्यांतून वर्षानुवर्षे हिंडले आणि दारिद्र्याची लाज म्हणून लपविलेली ठिगळांची वस्त्रे मागून आणीत राहिले. त्यांच्या संग्रहातील ७८६ साशिको वस्त्रांना १९८३ साली राष्ट्राच्या संरक्षित लोकवारशाचा दर्जा मिळाला. नागपुरात १८६३ पासून मध्यवर्ती संग्रहालय आहे, ज्याला सारे शहर अजब बंगला म्हणते. रल्ली, वाकळ आणि कोष्टी मागाचे लुगडे यांचे एक दालन तेथे व्हावे अशी माझी संबंधितांना आग्रहाची विनंती आहे. तोपर्यंत वाचकांनी एवढे करावे: घरातील जुनी वाकळ किंवा रल्ली बोहारणीला देण्यापूर्वी ती उजेडात पसरावी, कोणते कापड कोणाच्या अंगावरचे आणि कोणत्या गावचे हे घरातील वडीलधाऱ्या बायकांना विचारून घ्यावे, आणि शिवणारीचे नाव व साल एका कापडी पट्टीवर दोऱ्याने काढून ती पट्टी पाठीमागच्या कोपऱ्यात पक्की टाकावी.